मूल तपासत आहे

१

मराठीत 'ळ' आहे याचा अनुवादकाला कोण अभिमान! आणि त्याच्याच पोटच्या पोरीला तो 'ळ' येत नव्हता. सात वर्षांची झाली, पुढचे दात पडून नवे आले, तरी कावळ्याला कावला आणि केळ्याला केलं. त्यावरून घरात रोज हसाहसी. "काय हवंय?" "केलं." "काय केलं?" "खायचं केलं रे बाबा, तू पण ना!" तिच्या आईने तर केव्हाच निकाल देऊन टाकला होता, की पंडिताच्या घरी हे असंच व्हायचं, दिव्याखाली अंधार.

पंडित हे नाव बायकोनेच पाडलेलं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, सकाळी नऊला जायची ती संध्याकाळी सहाला यायची. हा घरी बसून काम करायचा. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम स्क्रीनवर जे काही बोलतात, ते मराठीतून बोलायला लावायचं, हा त्याचा धंदा. "कृपया प्रतीक्षा करा" हे वाक्य आयुष्यात किती वेळा लिहिलं याची त्यालाच मोजदाद नव्हती.

त्या आठवड्यात मुलगी घरीच होती. गालगुंड झालं होतं. दोन्ही गाल टम्म फुगलेले, हनुवटीखालून रुमाल घेऊन डोक्यावर गाठ मारलेली. गालात अक्रोड भरलेल्या खारीसारखी दिसते म्हणून आईने तिला खारू म्हटलं आणि दोन दिवसांत तेच नाव झालं. आतल्या खोलीत, पलंगाशेजारच्या भिंतीवर मोठा कागद चिकटवून दिला होता. पलंगावर गुडघे टेकून, दाराकडे पाठ करून ती दिवसभर चित्रं काढायची आणि बापाने 'ळ' घोटवायला रचलेलं गाणं आपल्या पद्धतीने म्हणायची.

"निला कावला नलावर बसला, केलं गिलून गालात हसला."

बाहेरच्या खोलीत बसून ते ऐकताना त्याला दर वेळी हसू यायचं आणि दर वेळी वाटायचं, डॉक्टरला दाखवायला हवं एकदा. मग पुन्हा वाटायचं, राहू दे, मोठी झाली की हे कुठलं ऐकायला मिळणार.

२

त्या सकाळी काम सोपं होतं. हार्ड डिस्कमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारा एक प्रोग्रॅम त्याने मराठीत आणला होता. सहाशे चौदा वाक्यं. आता फक्त शेवटची पायरी उरली होती. घरच्या कॉम्प्युटरवर तो एकदा खराखुरा चालवायचा, जे जे वाक्य दिसेल त्याचा मोबाइलने फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा. सोबत एक सूचना होती : प्रोग्रॅम काहीही विचारो, दर वेळी 'हो' म्हणा, म्हणजे पुढची सगळी वाक्यं दिसतील.

कॉम्प्युटर जुना, टेबलाखाली पाय ठेवायच्या जागेत बसलेला मोठा डबा. डिस्क फिरायला लागली की नडगीला कळायचं. तपासणी चालू असताना त्यावर दुसरं काही उघडता येणार नव्हतं, म्हणून त्याने आपल्या वाक्यांची यादी कागदावर छापून घेतली होती. कागद वाचावा म्हणून इंग्रजीचा रकाना गाळून फक्त मराठी. चहाचा कप डाव्या हाताला, यादी उजव्या हाताला, मोबाइल पुढ्यात. त्याने बटण दाबलं आणि स्क्रीन निळा झाला.

"तपासणी सुरू आहे. कृपया कॉम्प्युटर बंद करू नका."

क्लिक. फोटो.

"मोकळी जागा तपासत आहे… ठीक."

क्लिक.

"मूल तपासत आहे…"

अनुवादकाने चहाचा घोट घेतला आणि मग हसून हसून त्याला ठसका लागला. आता यात हसण्यासारखं काय, तर ऐका. डिस्कवरच्या सगळ्या फायली झाडाच्या फांद्यांसारख्या रचलेल्या असतात आणि त्या जिथून फुटतात त्या जागेला त्याने सरळ मराठीत म्हटलं होतं मूळ. "मूळ तपासत आहे." आणि इथे झालं होतं मूल. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दाखवणाऱ्या माणसाने बोटाच्या एका चुकीने ळ चा ल केला! खारूचा वाण नाही पण गुण लागला, असं तो मोठ्याने म्हणाला.

"काय झालं बाबा?" आतून आवाज आला.

"काही नाही गं. तुझ्यासारखं बोलतोय हा."

"सगल्यांत हुशार आहे मग!"

त्याने यादी पाहिली. ऐंशीव्या क्रमांकाचं वाक्य. मूळ. स्पष्ट, स्वच्छ, ठसठशीत मूळ.

३

माणसाचं डोकं मोठं सोयीचं असतं. एखादी गोष्ट पटत नसली की लगेच तीन कारणं पुढे करतं. यादी जुनी असेल. प्रोग्रॅमच्या अक्षरांत ळ नसेल, म्हणून जवळचा ल आला असेल. हे दुसरं कारण त्याला फार आवडलं. पण वरच्याच ओळीत "मोकळी जागा" लिहिलेलं होतं आणि त्यातला ळ जागच्या जागी होता.

टेबलाखालचा डबा घरघरला. नवी ओळ आली.

"मुलात ३ चुका सापडल्या. दुरुस्त करू? हो / नाही"

आता मात्र त्याच्या कपाळाला आठी पडली. मुळात, मुलात. चूक एका जागी झाली असती तर समजण्यासारखं होतं. ही पठ्ठी शब्दाबरोबर फिरत होती. त्याने यादीवर लाल पेनाने दोन गोल काढले आणि बाजूला लिहिलं, "कळवणे."

फोटो काढला. पुढचं वाक्य दिसायला हवं होतं. सूचनेप्रमाणे त्याने 'हो' दाबलं.

डिस्कमधून असा आवाज आला की त्याने पाय मागे घेतले. टक्, टक्, आणि मग काहीतरी खरवडल्यासारखं. त्याच वेळी आतलं गाणं "केलं गि" इथे तुटलं. शिंक आली असेल, असं त्याला वाटलं. मग बराच वेळ आतून काही आवाज नाही. स्क्रीनवर "दुरुस्ती होत आहे" लिहिलेलं होतं आणि आकडा चढत होता. अठरा टक्के. चाळीस. नव्वद.

"बाबा."

ती त्याच्या कोपराशी उभी होती. पावलं वाजलीच नव्हती.

"बाबा, पिवळा खडू संपला आहे. तुम्ही दुसरा देता का?"

४

पिवळा.

आधी त्याला आनंदच झाला. कोणत्या बापाला होणार नाही! "अगं, म्हण पुन्हा!" असं म्हणत त्याने तिला जवळ ओढलं आणि मग त्याचा हात तिच्या गालावरच थांबला. गाल उतरले होते. सकाळी दूध प्यायला तोंड उघडत नव्हतं ते गाल साफ सपाट, रुमालाचा पत्ता नाही.

"पिवळा," ती म्हणाली. "निळा कावळा नळावर बसला, केळं गिळून गालात हसला. बरोबर आहे ना?"

बरोबर होतं. शाळेत बक्षीस मिळावं इतकं बरोबर. त्याने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. डाव्या भुवईवर एक पांढरी रेघ होती, तीन वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडली तेव्हाची. झोका त्यानेच जोरात दिला होता. चार टाके पडले होते आणि ती रेघ पाहिली की आजही त्याचा जीव कळवळायचा. तिथे आता काही नव्हतं. भुवई सलग होती.

गाल. भुवई. ळ. त्याने बोटं मोजली आणि पुन्हा मोजली. तीन.

"तू... तू मला तुम्ही का म्हणतेस?" बोलताना त्याचीच बोबडी वळत होती.

"कृपया घाबरू नका, बाबा," ती म्हणाली आणि गोड हसली.

टेबलावरचा मोबाइल वाजला. बायको. दुपारची सुट्टी झाली की ती रोज करायची. त्याने फोन उचलून कानाला लावला.

"काय रे पंडित, झोपला होतास का? खारू जेवली? दे जरा तिला."

त्याने मोबाइल पुढे केला. मुलीने तो दोन्ही हातांनी धरला. "आई, मी आता बरी आहे. तुम्ही काळजी करू नका."

पलीकडे बायको हसली, जरा गोंधळून. "अरे, ही कुणाची मुलगी आलीय घरी? गालगुंड पसरतं, कळत नाही का तुला? खारूला दे ना."

"तीच बोलतेय," मोबाइल परत घेऊन तो म्हणाला.

"चेष्टा पुरे."

"तीच आहे गं. तू... तू घरी येतेस का?"

"ही खारू नाही," बायकोचा आवाज एकदम बदलला. "माझ्या मुलीचा आवाज मला कळत नाही का? कोण आहे ती? खारू कुठाय?"

आणि नेमकं तेव्हाच आतल्या खोलीतून गाणं सुरू झालं.

"निला कावला नलावर बसला..."

५

तो कसा उठला, खुर्ची कशी पडली, त्याला आठवत नाही. कोपराशी उभी असलेली मुलगी तिथेच उभी होती. आतून तिचाच आवाज येत होता.

दारातून त्याला पलंग दिसला. पलंगावर खारू होती. पाठमोरी, गुडघे टेकून, डोक्यावर रुमालाची गाठ. देवा, होती! त्याच्या जिवात जीव आला.

"खारू!"

हाक ऐकून तिने मान वळवली. फुगलेल्या गालाची कड दिसली, आणि ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून होती. तिने मान परत वळवलेली त्याने पाहिली नाही. मधलं काही नव्हतंच. पुन्हा मान वळू लागली, गालाची कड दिसली, पुन्हा भिंत. हातातला खडू कागदावर एकाच जागी टेकलेला. "निला कावला नलावर बस," मग, "निला कावला नला," मग, "निला कावला." दर खेपेला गाणं थोडं आखूड होत होतं.

त्याने पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा हाताला लागला, आणि दुसऱ्या क्षणी तो पुन्हा दारात उभा होता, हात पुढे केलेला, एक पाऊलही न टाकलेला. तीन वेळा गेला. तीन वेळा दारातच.

"बाबा," बाहेरून स्वच्छ आवाज आला, "स्क्रीनवर काहीतरी विचारलं आहे."

६

"एकाच जागी दोन प्रती सापडल्या. जुनी प्रत वाचता येत नाही. जुनी प्रत : सोडा / काढा"

खाली बारीक अक्षरात : "कॉम्प्युटर बंद केल्यास दोन्ही प्रती नष्ट होतील." त्याचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला होता, तो तसाच हवेत राहिला. वाक्य त्याचंच होतं. एकेक शब्द त्यानेच बसवला होता.

सोडा. काढा. तो पाहतच राहिला. बटणावर दोनच अक्षरं मावतात म्हणून किती खुशीत हे शब्द निवडले होते त्याने! सोडा म्हणजे काय? आहे तिथे राहू द्या, की जाऊ द्या? अडकलेल्याला सोडतात तसं सोडा, की आशा सोडतात तसं? आणि काढा? विहिरीत पडलेल्याला काढतात, आणि पायात मोडलेला काटाही काढतातच. यादीची पानं त्याने भराभर उलटली. तीनशे अकरा, सोडा. तीनशे बारा, काढा. शेजारचा इंग्रजीचा रकाना त्याने कागद वाचवायला गाळलेला.

बायकोचा फोन मघाशीच तुटला होता. त्याचं काम तपासणाऱ्या बाईंना त्याने फोन लावला. दोन रिंग झाल्या, तीन, पाच.

"बोला."

"बाई, तीनशे अकरा. सोडा म्हणजे काय?"

"अहो, हेच तर मी तुम्हाला विचारलं होतं! लेखी विचारलं होतं. दोन्ही अर्थ निघतात म्हणून."

"मी काय म्हणालो?"

"तुम्ही म्हणालात, संदर्भाने कळेल."

"मूळ शब्द काय होता? इंग्रजीत काय होतं?"

"आता मी बाहेर आहे हो, संध्याकाळी बघून सांगते. एवढी कसली घाई? कुणी मरतंय का?"

आतून आता फक्त "निला का" येत होतं. मग "निला."

त्याने फोन ठेवला. शेजारी उभ्या मुलीकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळे तेच होते, काळेभोर, पापण्यांना तोच बाक. "तुला माहीत आहे?" त्याने विचारलं. "सांग ना. काय दाबू?"

"तुमची निवड करा," ती म्हणाली. ती दुष्टपणाने बोलली नाही. हेच त्याला सहन होईना.

"नि," आतून आलं. "नि."

त्याच्या डोळ्यांसमोर ती झोपाळ्याखाली पडलेली दिसली, आणि धावत येणारी बायको, ओरडणारी, काढा तिला, आधी काढा तिला बाहेर! आईने तेव्हा काढा म्हटलं होतं. सोडा कुणी म्हणेल का आपल्या लेकराला? आयुष्यभर शब्द तोलून मापून वापरणाऱ्या त्या माणसाने देवाचं नाव घेतलं आणि बोट खाली आणलं.

काढा.

डबा घरघरला आणि शांत झाला. आतलं "नि" थांबलं.

"जुनी प्रत काढली," स्क्रीनने सांगितलं. "तपासणी पूर्ण. मुलात कोणतीही चूक नाही."

काढली. काढली, बरं, पण म्हणजे काय केलं? तो धडपडत आत गेला. या वेळी दारात अडकला नाही, सरळ पलंगापर्यंत पोहोचला. चादरीला गुडघ्यांचे दोन खळगे होते, अजून ऊबदार. रुमाल पडला होता, गाठ न सुटलेला, जसा डोक्यावर होता तसा गोल. कागदावर पिवळ्या खडूचा एक ठिपका, गिरवून गिरवून कागद फाटेपर्यंत गडद झालेला.

तिथे तो जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

७

बायको पंधरा मिनिटांत पोहोचली. दुकानातला पांढरा कोट अंगावर तसाच, धाप लागलेली, चपला दारात न काढता ती आत आली.

"खारू!"

"ओ," मुलगी म्हणाली. ती बापाच्या शेजारी, पलंगाच्या कडेला पाय जुळवून बसली होती.

आईने तिच्याकडे पाहिलं. चेहरा, केस, फ्रॉक, सगळं पाहिलं. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी बाई ती, तिची नजर एवढी थरथरलेली त्याने कधी पाहिली नव्हती. तिने हात पुढे केला, मुलीच्या भुवईपर्यंत नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग तिने नवऱ्याच्या हातातला रुमाल पाहिला.

"काय केलंस तू?" ती हळूच म्हणाली.

त्याला सांगायचं होतं, मी तिला वाचवत होतो. मी काढा म्हणालो ते त्या अर्थाने नाही गं. पण कोणता अर्थ, हे तरी आता कुणाला सांगायचं.

बायको उठली. मोरीत पाहिलं, गॅलरीत पाहिलं, कपाट उघडून कपडे बाहेर भिरकावले, पालथी पडून पलंगाखाली पाहिलं. "खारू! ए खारू! ये ना गं बाहेर, मी रागावणार नाही!"

"ओ," मुलगी म्हणाली. "मी इथे आहे, आई."

"खारू!"

"ओ."

हाक ऐकली की ओ द्यावा, हे तिला कुणीतरी नीट शिकवलं होतं. एकही हाक ती चुकू देत नव्हती. स्वयंपाकघरातून हाक आली, तिने ओ दिला. जिन्यातून आली, तिने ओ दिला. शेवटी आई दाराच्या चौकटीशी मटकन खाली बसली, दोन्ही हातांनी कान गच्च झाकून घेतले आणि तशीच, डोळे मिटून, हाका मारत राहिली.